पंख वाकडा निघाला म्हणून काय झालं!



या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत कागदकाम, मातीकाम, दिवाळीतले किल्ले असे विषय नेहमी असतात. या वेळी कल्याणहून आठवीतल्या एका मुलाचं वेगळंच पत्र आलंय. त्याच्या दादाला नोकरी लागली. पहिल्या पगारातून दादाने त्याला मिग-२१ विमानाचं प्लास्टिकचं किट आणून दिलं. मोठ्या हौसेनं यानं खोका उघडला, तर उजवा पंख केळ्यासारखा वाकलेला. पुढच्या चाकाचा पाय अर्धवटच ओतला गेलेला. बऱ्याच भागांच्या कडेला प्लास्टिकचे पातळ पापुद्रे. आणि काचेच्या टपावर ओरखडा. याने काय करावं? खोका बंद केला आणि कपाटात वरच्या फळीवर कपड्यांच्या मागे ठेवून दिला. "दादाला कळलं तर त्याला वाईट वाटेल," असं त्यानं लिहिलंय. दादा रोज विचारतो, "झालं का रे विमान?" आणि हा सांगतो, "परीक्षा झाली की करणार."

परीक्षा तर होऊन गेली! म्हणून आजचा लेख बिघडलेल्या भागांवर. हे किट तुमच्याकडे नसलं तरी वाचा. तुटलेली खेळणी, कंपासपेटी, प्लास्टिकचे डबे, सगळ्यांना यातलं काही ना काही लागू पडतं.

भाग बिघडतात कसे?

ठाण्याच्या वागळे इस्टेटचं नाव तुम्ही ऐकलं असेल. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं, त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी ही एक. डोंबिवलीलाही एमआयडीसी आहे. अशा वसाहतींतल्या छोट्या छोट्या गाळ्यांत प्लास्टिक मोल्डिंगची मशीनं चालतात. तुमच्यापैकी कुणाचे बाबा, काका तिथे कामाला असतील तर त्यांना विचारा, ते माझ्यापेक्षा छान सांगतील.

मशीनमध्ये वरून प्लास्टिकचा दाणा टाकतात. आत तो तापून पाकासारखा होतो. मग मोठ्या दाबाने तो पोलादी साच्यात घुसवतात. साचा दोन भागांचा असतो आणि पाणी खेळवून तो थंड ठेवतात. पाक थिजला की साचा उघडतो, आतल्या खिळ्या पुढे येऊन माल बाहेर ढकलतात. बादली, टिफिन, पेनाचं टोपण सगळं असंच बनतं आणि विमानाचं किटही असंच. किटचं प्लास्टिक असतं पॉलिस्टायरीन. भाग ज्या चौकटीला चिकटून येतात तिला मोल्डिंगवाले 'रनर' म्हणतात. साच्यात पाक ज्या नाल्यांतून धावतो, त्या नाल्यांचाच तो आकार.

आता बघा, प्रत्येक दोषाचं कारण इथेच सापडतं. साचा जुना होऊन झिजला, दोन भाग घट्ट बसले नाहीत, की फटीतून पाक बाहेर येतो. तो पापुद्रा. साचा पूर्ण भरायच्या आत पाक थिजला, तर भाग अर्धवट राहतो. जाड जागा उशिरा थंड होते आणि आत ओढली जाते, तिथे खळगा पडतो. ढकलणाऱ्या खिळ्यांचे गोल ठसे उमटतात. आणि गरम असतानाच माल बाहेर काढला, किंवा नंतर खोका उन्हात, पत्र्याखालच्या माळ्यावर दाबून ठेवला, तर भाग वाकतो.

साचे फार महाग असतात, म्हणून कंपन्या ते वर्षानुवर्षं वापरतात. इंग्लंडच्या एअरफिक्स कंपनीने १९५०च्या दशकात स्पिटफायर विमानाचं पहिलं किट काढलं. वूलवर्थच्या दुकानांत ते दोन शिलिंगांना मिळायचं. तेव्हापासून जगभर अशी कोट्यवधी किटं जोडली गेली. त्यांतलं बिनदोष एखादंच निघत असेल! पापुद्रे खरवडणं आणि फटी भरणं हा या छंदाचाच भाग आहे.

कापण्याआधी मोजा

किट आणलं की पहिल्याच दिवशी चौकटीवरचे नंबर आणि सूचनेच्या कागदावरचे नंबर ताडून बघा. आई वाण्याचं सामान यादीशी ताडून बघते ना, तसंच. काही कमी असेल, मोठा भाग तुटलेला असेल, तर काहीही न कापता किट बिलासकट दुकानात दाखवायला न्या. बदलून मिळेलच असं नाही, पण विचारायला काय हरकत आहे? एकदा कात्री लागली की मात्र कुणी परत घेत नाही.

कल्याणच्या माझ्या मित्रा, तू अजून काही कापलेलं नाहीस, म्हणजे हा रस्ता तुला अजून मोकळा आहे. पण बिल दादाकडे असणार. तेव्हा दादाला सांगायला हवं. भेटीत खोट निघाली तर ती साच्याची खोट, देणाऱ्याची नव्हे, हे दादालाही कळतं. तो नोकरी करणारा माणूस आहे! रोज विचारूनही विमान पुढे सरकत नाही हे बघून त्याला काय वाटत असेल? आपला भाऊ खूश नाही, आपण आणलेलं आवडलं नाही, असंच ना? सरळ सांग, "दादा, पंख वाकडा आहे, सरळ करायला दोन हात कमी पडतायत." रविवारी तो नक्की बसेल. आणि पुढे वाच, दोन माणसं लागतील अशी कामं यात खरंच आहेत.

साहित्य घरातलंच

नेलकटर, पॉलिश पेपर (४००, ६०० आणि १००० नंबरचा, हार्डवेअरच्या दुकानात सुटा मिळतो), जुना टूथब्रश, कपड्यांचे चिमटे, रबरबँड, चिकटपट्टी, फेविकॉल, फेविक्विक, एम-सील, टाल्कम पावडर. किटचा खास गोंद वेगळा विकत घ्यावा लागतो. ब्लेड किंवा कटर वापरायचा असेल तर मोठ्यांना सोबत घ्या, आणि धार नेहमी आपल्यापासून दूर जाईल अशी धरा.

सर्वांत आधी चौकटी कोमट पाण्यात साबण घालून जुन्या ब्रशने धुवा. माल साच्यातून सुटावा म्हणून साच्याला तेलकट पदार्थ लावलेला असतो. तो राहिला तर ना गोंद धरतो, ना रंग. आणि हो, धुताना मोरीच्या जाळीवर फडकं टाका. बारका भाग गटारात गेला की गेला!

१. पापुद्रे आणि कडा

नेलकटरने भाग कापताना अगदी भागाला लागून कापू नका. थोडा दांडा ठेवा, मग तो पॉलिश पेपरने घासा. लागून कापलं तर भागाचाच लचका निघतो. पापुद्रा कटरच्या धारेनं कापू नका. पातं उभं धरून, खोबऱ्याची पाठ खरवडतो तसं हलक्या हाताने खरवडा. चाकांचे पाय, इंधनाच्या टाक्या, क्षेपणास्त्रं यांच्या दोन्ही बाजूंना साच्याच्या सांध्याची बारीक रेघ असते, तीही अशीच जाते. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासा. धूळ उडून नाकात जात नाही आणि कागदही जास्त टिकतो.

२. वाकडा पंख

हे काम मोठ्या माणसाबरोबरच करायचं. पातेल्यात पाणी तापत ठेवा. वाफ दिसायला लागली की गॅस बंद. उकळतं पाणी अजिबात नको! पॉलिस्टायरीन १०० अंशांच्या आसपास पार मऊ पडतं, मग पंखाचा पापड होईल. गरम पाण्यात पंख झाऱ्यावर ठेवून अर्धा मिनिट बुडवा. बाहेर काढून बोटांनी हळूच सरळ करा, उलट दिशेने किंचित जास्त वाकवा आणि तसाच धरून गार पाण्यात बुडवा. एकाच वेळी सगळा बाक काढायला जाऊ नका. थोडं थोडं, तीन-चार वेळा. घाई केली तर पांढरी रेघ उमटते आणि मग तुकडा पडतो.

तरीही थोडा बाक राहिला तर? पंखाचे बहुतेक वेळा वरचा आणि खालचा असे दोन भाग असतात. ते चिकटवताना दोन फूटपट्ट्यांच्या मध्ये ठेवून रबरबँडने बांधा आणि रात्रभर सोडा. चिकटल्यावर एक भाग दुसऱ्याला सरळ धरून ठेवतो. इथे पट्ट्या धरायला एक माणूस आणि रबरबँड चढवायला दुसरा, असे चार हात लागतात. (दादा, ऐकताय ना?)

३. गोंद म्हणजे काय?

किटचा खास गोंद चिकटवत नाही, विरघळवतो. कणकेचे दोन ओले गोळे दाबले की एक होतात, तसं दोन्ही कडांचं प्लास्टिक मऊ होऊन एकमेकांत मिसळतं. गोंद उडून गेला की सांधा एकजीव. म्हणूनच गोंद कमी लावायचा. जास्त लावला तर कड वितळते आणि बोटांचे ठसे कायमचे उमटतात. नेलपॉलिश काढायचं पाणी या प्लास्टिकला लावू नका, तेही प्लास्टिक खातं. गोंदाचा वास डोक्यात जातो, तेव्हा खिडकी उघडी ठेवा आणि डोकं सारखं त्यावर वाकवू नका.

चिकटवण्याआधी भाग कोरडेच एकमेकांवर बसवून बघा. विमानाच्या पोटाचे दोन अर्धे भाग चिकटपट्टीने बांधा, पंख टेकवून बघा. कुठे अडतं, कुठे फट पडते ते पेन्सिलीने खूण करा. आतला एखादा खिळीचा गोल ठसा अडत असेल तर तो आधी घासून टाका. दहांपैकी आठ फटी या तपासणीतच मिटतात.

पुढच्या चाकावर उभी राहणारी विमानं हलकं नाक वर करून शेपटीवर बसतात, तेही याच वेळी बघा. मिगचंही तसं होऊ शकतं. पोट बंद करण्याआधी नाकाच्या पोकळीत सायकलच्या दुकानातले छर्रे एम-सीलमध्ये रुतवून बसवा. नंतर आठवलं तर उपयोग नाही!

४. फटी आणि खळगे

बारीक फटीसाठी: काचेच्या छोट्या बाटलीत थोडा पातळ गोंद घ्या, त्यात त्याच किटच्या रनरचे तुकडे बारीक करून टाका, झाकण लावून एक रात्र ठेवा. सकाळी मधासारखं मिश्रण होतं. काडीने फटीत भरा, थोडं वरपर्यंत, कारण वाळताना ते आत बसतं. दोन-तीन दिवस थांबा, मग घासा. रंगही तोच, प्लास्टिकही तेच.

खळग्यासाठी: जुन्या फरशीच्या तुकड्यावर फेविक्विकचे दोन थेंब आणि चिमूटभर टाल्कम पावडर कालवून लगेच भरा. हे मात्र तासाभरातच घासायचं. दुसऱ्या दिवशी ते प्लास्टिकपेक्षा कडक होतं आणि आजूबाजूचंच झिजतं. बोटं चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात धरून बसा.

मोठ्या फटीसाठी एम-सील. दोन्ही रंग सारखे घेऊन मळा, दाबून भरा आणि ओल्या बोटाने सपाट करा. रात्रभर राहू द्या.

५. अर्धवट किंवा हरवलेला भाग

चाकाचा पाय अर्धवट असेल तर काळजी नको. दप्तरातल्या कागदांची यू-पिन सरळ करून योग्य लांबीची कापा. उरलेल्या प्लास्टिकमध्ये कर्कटकाच्या टोकाने हलकेच गोल फिरवत भोक पाडा, पिन आत घाला, फेविक्विकचा एक थेंब. तारेचा हा पाय मूळच्या पायापेक्षा भक्कम होतो. लांबी कशी ठरवायची? मिगच्या मागच्या दोन पायांवर विमान टेकवा, नाकाखाली पुस्तकाची पानं ठेवून विमान हवं तसं उभं करा आणि उंची मोजा.

सपाट भाग हरवला असेल तर सीडीचा जुना डबा शोधा. तोही पॉलिस्टायरीनचाच असतो, म्हणून किटचा गोंद त्याला चालतो. दुसरी खूण म्हणजे प्लास्टिकच्या वस्तूखाली बाणांच्या त्रिकोणात ६ आकडा असला की ते पॉलिस्टायरीन. बँकेचं जुनं कार्ड मात्र वेगळ्या प्लास्टिकचं असतं, त्याला फेविक्विकच हवं.

अँटेनासारखी बारीक दांडी तुटली? रनरचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीपासून वर, थोडा लांब धरून फिरवत राहा. मध्ये मऊ झाला की ज्योतीपासून बाजूला घेऊन दोन्ही टोकं सावकाश ओढा. केसाएवढा धागा निघतो! हे फक्त मोठ्यांच्या देखत.

आणि भाग कापताना टुणकन उडून गेला तर? आधी पंखा बंद करा. घरात कुणी केर काढायला घेतला असेल तर थांबवा. दिवे घालवून टॉर्च जमिनीवर आडवा ठेवा. केवढ्याशा भागाचीही लांबलचक सावली पडते आणि तो सापडतो. पुढच्या वेळी हात आणि चौकट पारदर्शक पिशवीत घालूनच कापा.

६. काचेचा टप

वैमानिकाच्या डोक्यावरचा पारदर्शक टप सर्वांत नाजूक. ओरखडा असेल तर १००० नंबरच्या ओल्या कागदाने अगदी हलकं घासा, मग सुती फडक्यावर पांढरी टूथपेस्ट घेऊन गोल गोल पुसत राहा. पाच मिनिटांनी नाही, अर्ध्या तासाने चमक येते. टप चिकटवायला फेविक्विक वापरू नका, त्याच्या वाफेने काच आतून पांढुरकी होते. किटचा गोंद सांडला तर डाग पडतो. इथे आपला फेविकॉलच राजा! वाळला की पारदर्शक होतो, आणि बाहेर आलेला ओल्या फडक्याने पुसता येतो.

७. चिन्हं

पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं जुनी झाली की पिवळी पडतात. तो कागद खिडकीच्या काचेला आतून चिकटपट्टीने लावून काही दिवस ऊन दाखवा, पिवळेपणा बराच उतरतो. अगदीच फुटत असतील तर आपणच करू. आपल्या वायुदलाच्या चिन्हात बाहेर केशरी, मध्ये पांढरा आणि आत हिरवा रंग असतो. पातळ कागद रंगवून पंचिंग मशीनने हिरवी टिकली पाडा, त्याहून मोठी पांढरी आणि केशरी टिकली कात्रीने कापा, एकावर एक फेविकॉलने चिकटवा.

ठाणे-डोंबिवलीच्या पावसाळ्यात रंगकामाची घाई करू नका. हवेत ओल असली की काही रंगांवर पांढुरकी झाक येते. धो धो पावसाच्या दिवसांत घासणं आणि चिकटवणं उरका, रंग उघडीप मिळाल्यावर.

खरं मिग

किटच्या खोक्यावर १:७२ असं लिहिलेलं असतं. म्हणजे काय? खऱ्या विमानातले ७२ इंच इथे एक इंच. सहा फुटी वैमानिक तुमच्या विमानात बरोब्बर एक इंचाचा! मिग-२१च्या पंखांचा विस्तार सुमारे ७.१५ मीटर. त्याला ७२ने भागा, जेमतेम १० सेंटिमीटर. खोक्यातला पंख पट्टीने मोजून हिशोब जुळतो का बघा.

हे विमान १९६३ साली आपल्या वायुदलात आलं. ते आपल्याकडे बनवण्यासाठी नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला. २६ सप्टेंबर २०२५ला चंदिगडला त्याला शेवटचा निरोप दिला गेला. म्हणजे आता आकाशात आपलं मिग-२१ दिसणार नाही. ज्यांच्या घरात ते खोक्यात पडून आहे, त्यांनी ते जोडून टेबलावर उभं करावं, असं मला फार वाटतं. खरं लढाऊ विमान जवळून बघायचं असेल तर मुंबईला वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात जा. तिथे मरुत हे विमान ठेवलेलं आहे. १७ जून १९६१ला त्याचं पहिलं उड्डाण झालं होतं. पंख पोटाला कसा जोडलाय, पत्र्यांचे सांधे कसे दिसतात, ते वहीत काढून आणा. घरी फटी भरताना उपयोगी पडेल.

या आठवड्याचं काम

१. घरातल्या प्लास्टिकच्या दहा वस्तू घ्या. त्यांवर साच्याच्या सांध्याची रेघ, खिळीचा गोल ठसा, खळगा आणि पापुद्रा शोधा. कुठली खूण किती वस्तूंवर सापडली, तक्ता करा.

२. त्रिकोणात ६ आकडा असलेली वस्तू कुणाच्या घरी काय काय सापडते? यादी पाठवा.

३. माळ्यावर, कपाटात, पलंगाखाली अर्धवट राहिलेलं एखादं किट, खेळणं असेल तर बाहेर काढा. काय बिघडलंय ते एका कागदावर लिहा आणि समोर उपाय लिहा. उपाय सुचला नाही ती ओळ कोरी ठेवून मला पाठवा, आपण मिळून शोधू.

पत्रावर नाव, इयत्ता आणि गाव लिहायला विसरू नका. पुढच्या आठवड्यात: ब्रशने रंग देताना रेघा का उमटतात?

तुमची,
बाई